रेडिएटरमधली हळद

"हल्दी तो इन्हीं के घर की है," शेठ फोनवर कुणाला तरी हळूच म्हणाला.

पप्पांनी ते ऐकलं नाही. त्यांनी आयुष्यभर एसटीची लाल बस चालवली. जुन्या बसमध्ये इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असायचं, त्यामुळे त्यांचा डावा कान अधू झाला आहे, आणि शेठ नेमका त्यांच्या डावीकडे उभा होता. मी मागे टायरच्या ढिगाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मला स्वच्छ ऐकू आलं.

गोंदियात मुर्रीच्या रस्त्याला शेठचं जुन्या गाड्या विकण्याचं दुकान आहे आणि त्याच्याच मागे त्याची वर्कशॉपची शेड. पाच आठवड्यांपूर्वी पप्पांनी त्याच्याकडून एक चंदेरी गाडी घेतली होती, आठ वर्षं वापरलेली. रिटायर झाल्यावर स्वतःची गाडी घ्यायची हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ते मान वळवून ऐकायचे, त्यावरून मला माहीत होतं. शेठने कागदावर लिहून दिलं होतं की इंजिनची तीन महिने जबाबदारी त्याची. मग रविवारी चोरखमाऱ्याहून परत येताना गरमीचा काटा एकाएकी वर गेला. पप्पांनी लगेच गाडी कडेला घेतली आणि बंद केली. पुन्हा चावी फिरवली नाही. दोर बांधून दुसऱ्या गाडीने ती इथवर ओढून आणली.

आज शेठच्या मिस्त्रीने ती उघडली होती. वयस्कर माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने रेडिएटरखालची तोटी सैल केली आणि घमेल्यात पाणी सोडलं. पाणी कसलं, गढूळ पिवळा गाळच होता. उकडलेल्या हळदीचा वास शेडभर पसरला.

"शेठ, इंजिनच्या हेडचं गॅसकेट तर उडालंच आहे," मिस्त्री म्हणाला. "पण त्याच्या आधी हे बघा. जाळी पूर्ण जाम आहे. हल्दी." आणि त्याने हाताचा तळवा पुढे केला.

हे त्याने मालकाच्या शेडमध्ये, गिऱ्हाइकासमोर सांगितलं. घमेलं उचलून मागच्या नालीत ओतलं असतं तर कुणाला कळणार होतं? तेव्हा मला याचं काही वाटलं नाही, पण आता आठवतं तेव्हा मला तो माणूस फार मोठा वाटतो.

हळदीची युक्ती ड्रायव्हर लोकांना ठाऊक असते. रेडिएटर थोडा गळत असला तर मूठभर हळद टाकायची. ती बारीक भोकात बसते आणि गळती थांबते. तात्पुरतं ठीक असतं. तशीच ठेवली तर तीच हळद जाळीत साचते, पाणी फिरत नाही आणि इंजिन तापून बसतं.

घमेल्यातला तो रंग मला ओळखीचा वाटला. तो रंग मी आधी पाहिला होता. ज्या दिवशी गाडी घेतली, त्या दिवशी पप्पा आत कागदांवर सह्या करत होते. चार अनोळखी माणसांत बसायला नको म्हणून मी बाहेर गाडीपाशी उभी होते. शेठ आला, त्याने बॉनेट उघडलं, पाण्याच्या छोट्या टाकीचं झाकण फिरवलं आणि बाटलीतून पाणी ओतलं. टाकीतलं पाणी पिवळं होतं. त्याने ओलं बोट रुमालाला पुसलं, मी पाहते आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने हसून विचारलं, "कौनसे कॉलेज में हो बेटा?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं. पाण्याबद्दल काही विचारलं नाही. घरी येऊन फोनवर शोधलं, इंग्रजीत. रेडिएटरमध्ये घालायचं कूलंट हिरवं असतं, गुलाबी असतं, पिवळंही असतं, असं तिथे लिहिलेलं होतं. माझं समाधान झालं. ज्यांनी सगळा जन्म रेडिएटरमध्ये पाणी ओतण्यात घालवला ते शेजारच्या खोलीत बसले होते, आणि मी त्यांना विचारलं नाही. शाळेपासून माझं असंच आहे. माणसाला विचारण्यापेक्षा वाचणं सोपं वाटतं.

फोन खिशात टाकून शेठ पप्पांसमोर आला.

"काका, आता तुम्हीच सांगा. लिहून दिलं आहे, इंजिन माझं. पण तुम्ही गाडीला भाजी समजून हळद-मीठ टाकाल, तर मी काय करू?"

"मी नाई टाकली," पप्पा म्हणाले.

"हे ड्रायव्हर लोकांचंच काम आहे. आमच्यासारख्या दुकानदाराला कुठून सुचणार? बरं, खरं सांगा. लाल बसमध्ये कधी टाकली की नाही?"

नाही म्हणा, असं मी मनातल्या मनात म्हटलं. एवढं एक 'नाही' पुरे होतं. डेपोत कोण विचारायला जाणार होतं?

"टाकली ना," पप्पा म्हणाले. "खोटं कायले बोलू?"

शेठने दोन्ही हात पसरले, मिस्त्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "लो. खुदच बोलून राहिले."

मला पप्पांचा राग आला. खरंच आला. इतकं खरं बोलायची इथे काय गरज होती?

"आयका तं पुरं," पप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "देवरीच्या पुढं जंगलात रेडिएटर गळून राहिला होता. गाडी भरून सवाऱ्या, त्यात दोघी लेकुरवाळ्या. एका घरी गेलो. म्हनलं, माय, मूठभर हरद दे. तिनं दिली. टाकली, गाडी डेपोत आनली. अन् गाडी लावल्याबरोबर कागदावर लिवलं, रेडिएटर गळते, हरद टाकली आहे, धुऊन घ्यावं. खाली सही केली. सकाळी तेच गाडी दुसरा ड्रायव्हर नेनार. त्याले काय मालूम? तो सवाऱ्या घेऊन अडकला तं?"

मिस्त्री हातातलं फडकं तसंच धरून ऐकत होता.

"हरद टाकली त्यात काई नाई शेठ," पप्पा म्हणाले. "टाकली तं सांगा लागते, येवढंच."

ही गोष्ट मी घरी कधीच ऐकली नव्हती. ते रात्रीचे मुक्काम, ते कागद, त्या सह्या. या सगळ्याला मी नोकरी समजत होते. उद्या जो माणूस त्या सीटवर बसणार त्याला आपण पाहिलेलंही नसेल, तरी त्याच्यासाठी थकलेल्या हाताने चार ओळी लिहायच्या, हे ते किती वर्षं करत होते कोण जाणे.

शेठ मात्र हलला नाही. "कहानी अच्छी आहे काका. पण ती त्या बसची. ही गाडी पाच हप्ते कोणाकडे होती?"

"माझ्याकडे होती."

"मग झालं ना." शेठने टेबलावरचं कोरं लेटरहेड ओढलं. "पस्तीस हजारांचं काम आहे. मी काय दुश्मन आहे तुमचा? अर्धे मी देतो. फक्त तुम्ही दोन ओळी लिहून द्या, की हळद तुमच्याकडून टाकली गेली, त्याने इंजिन गेलं. उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने बोट दाखवलं तर माझ्याकडे कागद पाहिजे. बात खतम."

त्याने पेन पुढे केलं. पप्पांनी ते घेतलं, टोपण काढलं, आणि कागदाकडे पाहत राहिले. पस्तीस हजार आमच्यासाठी लहान रक्कम नाही, आणि निम्मे वाचत होते. पण त्या कागदावर एकदा सही झाली की गोंदियात ती गोष्ट फिरणार, हे मला कळत होतं. डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर ते रोज सकाळी बसतात. त्यांच्या बरोबरीचे ड्रायव्हर तिथे येतात. गाडी हळद टाकून मारली आणि दुकानदाराशी भांडायला गेला, असं तिथे त्यांच्याबद्दल बोललं जाणार.

पप्पांनी टोपण परत लावलं.

"पुरे पस्तीस मी देतो," ते म्हणाले. "दोन महिने लागतील. पन हे मी लिवत नाई. जे केलं नाई त्याच्यावर सही नाई करत मी."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, शेठच्या दिशेने नीट सरळ करून ठेवलं. चिडून नाही. मिस्त्रीने मान खाली घातली. शेठने खांदे उडवले आणि "जशी मर्जी" म्हणून लेटरहेड बाजूला सारलं.

मी उभी राहिले. मनात वाक्य इंग्रजीत तयार होत होतं आणि दर वेळी अर्ध्यावर तुटत होतं. अनोळखी माणसाला त्याच्याच दुकानात, त्याच्या तोंडावर तू खोटं बोलतोस असं सांगायचं, हे मी कधी केलं नव्हतं. शिवाय ते सांगायचं म्हणजे पाच आठवडे मी काय लपवलं तेही पप्पांसमोर सांगायचं होतं. पण टाकली तर सांगावं लागतं, असं म्हणणारा माणूस पुढ्यात उभा असताना, ते पिवळं पाणी पाहूनही गप्प राहणं मला जमेना.

नंतरचं सांगून टाकते. हेड आणि रेडिएटरचं काम शेठने स्वतःच्या खर्चाने केलं, ऑइल आणि बाकीचं किरकोळ आमच्याकडे आलं. हे माझ्या बोलण्याने झालं असं मी म्हणणार नाही. माझ्यामागून मिस्त्रीही बोलला. इतका गाळ पाच आठवड्यांत बसत नाही, एवढंच म्हणाला, पण मालकाकडे बघून म्हणाला. त्याच्या आधी मात्र शेडमध्ये माझाच आवाज होता, आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"अंकल, गाडी दिली त्या दिवशी तुम्ही टाकीत पाणी ओतलं तेव्हा मी तिथंच उभी होते. पाणी तेव्हाच पिवळं होतं. तुम्ही बोट रुमालाला पुसलं, तेही मी पाहिलं. पप्पांना मी सांगितलं नाही, ती माझी चूक आहे. हळद आमची नाही."