घासून लख्ख केलेला ड्रम

कशेळीच्या आमच्या प्रयोगशाळेत दोन गोष्टी रोज झाडूनही साचतात: लोहखनिजाची लाल धूळ आणि किस्से. धुळीचे वजन मी करते. किश्शांचे कोणी करत नाही, म्हणून ते वाढतच जातात!

आमचे काम असे: निरनिराळ्या खाणींची भुकटी, चुना आणि कोकची, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशाची, चुरी पाणी शिंपडून फिरत्या ड्रममध्ये मिसळायची. तिचे बारीक गोळे झाले की भट्टीत भाजून टणक ढेकळे करायची. त्याला सिंटर म्हणतात. गोळे बिघडले, तर भट्टीत हवा खेळत नाही आणि ढेकूळ भुसभुशीत निघते.

माझ्या नव्या मिश्रणाची चाचणी पाहायला पोलाद कारखान्याचे साहेब सोमवारी येणार होते. आमचे मालक शेठजी यांनी बजावले होते, "मॅडम, पास झालं तर ठीक. नाहीतर भट्टी काढतो आणि गाळा गोदामाला देतो."

कशेळीत जिकडेतिकडे गोदामेच; गिऱ्हाईक शोधावे लागत नाही!

*

शेलार गावचे दशरथकाका आमचे जुने कामगार; मिश्रणातले पाणी ते मुठीने मोजतात. मूठ दाबायची, उघडायची, "अजून तांब्याभर!" मला हे अशास्त्रीय वाटे. एकदा मी एकाच मिश्रणाच्या तीन वाट्या वेगवेगळे क्रमांक घालून पुढे ठेवल्या. काकांनी तिन्ही दाबून पाहिल्या.

"तिन्ही येकच हायत, मॅडम. परीक्षा खनिजाची हाय, का माझी?"

*

यासीनभाई पूर्वी निजामपुऱ्यात कापडाचे लूम दुरुस्त करत; आता आमचा ड्रम चालवतात. ड्रम कधी थांबवायचा, हे ते आवाजावरून ठरवतात. मी त्यांना स्टॉपवॉच आणून दिले. ते फारच खूश झाले.

"बहोत अच्छा, मॅडम! आता मी किती वेळ ऐकलं, ते कळेल."

*

शनिवारी मी फर्मान काढले: ड्रम आतून घासून लख्ख करा. कित्येक महिन्यांचा लाल थर पाहुण्यांसमोर शोभेना.

काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तो थर. कामाचा हाय."

"पुरावा?" मी विचारले.

पुरावा रविवारी सकाळी मिळाला. गुळगुळीत भिंतीवरून मिश्रण नुसते घसरत राहिले. लोळेना, गोळे होईनात. भाजलेले ढेकूळ हातात घेताच चुरा!

यासीनभाईंनी ड्रममध्ये डोकावून पाहिले. "ड्रम तो दूल्हा बन गया, मॅडम! आता कामाला कशाला हात लावेल?"

काकांनी भुकटी ओली करून कालवली, ड्रममध्ये अर्धे शिरले आणि अंगण सारवावे तसा तो आतून सारवला. बॅटरी मी धरली होती.

*

सोमवारी गोळे झाले, भट्टी पेटली, ढेकळे टिकली. साहेबांनी आकडे दोनदा तपासले, सहीसाठी पेन उघडले आणि तेवढ्यात त्यांची नजर ड्रमच्या आत गेली.

"हा तुम्ही साफ करत नाही?"

मी शास्त्रशुद्ध खुलासा जुळवू लागले. काका पुढे झाले.

"करतो की, साहेब! परवा मॅडमनी करून घेतला. म्हनून तर काल रविवारचं आमी समदी तो थर परत लावत हितंच व्हतो."

साहेबांनी सही केली, बाजूला गेले आणि घाईघाईने फोन लावला.

"हॅलो, आपल्या कारखान्यातला ड्रम घासायला घेतलाय ना? थांबा. जिथपर्यंत आलात, तिथेच थांबा!"