देवीपुढची साखर

मला टाईप वन मधुमेह आहे, हे लग्नाआधीच सांगितलं होतं. अकराव्या वर्षापासून पोटात इन्सुलिनची सुई टोचते, ती आता जन्माची. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि गंगापूरच्या घरातले साखरेचे, गुळाचे सगळे डबे वरच्या फळीवर चढवले. "शुगरवाल्याला गोड म्हणजे विष," त्या म्हणायच्या. मी एकदा सांगून पाहिलं, "आत्याबाई, रक्तातली शुगर कमी झाली तर साखरच लागते." त्यांना काही पटेना. मी नवी सून, वाद कुठं घालणार? पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेवली.

पहिल्याच महालक्ष्म्यांना ते अंगाशी आलं. भर दुपार, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील. दोन्ही मुखवट्यांपुढं ताटं वाढलेली. माझ्या माहेरी, मुकुंदवाडीला, ताटं वाढली की पाच मिनिटांत आरती आणि लगेच जेवण. त्याच हिशेबानं मी आतल्या खोलीत जाऊन सुई घेतली. बाहेर येते तर कळलं, आरतीला माझा नवरा हवा, आणि तो कंपनीतून अजून निघालाच नव्हता. नैवेद्याआधी या घरात पाण्याशिवाय काही तोंडात जात नाही.

सुई घेतली की लगेच जेवावं लागतं, नाहीतर रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझ्यासारखी मूर्ख मीच! अर्ध्या तासात ओठ बधिर झाले, मानेवरून घाम ओघळायला लागला, दोन मुखवटे चार दिसायला लागले. पर्स आत, आणि पाय उचलेना. भरल्या घरात देवीआधी खाल्लं तर लोक काय म्हणतील? जीव जायची वेळ आली आणि बाईच्या डोक्यात हे!

शेवटी सासूबाईंचा पदर धरला. "आत्याबाई, साखर द्या."

"येडी का काय? तुला साखर कशी देऊ?"

"कमी झालीय. नाही दिली तर मी मरेन."

त्यांनी माझा हात हातात घेतला. गार पडलेला, घामानं ओला. त्यांनी एकदा वरच्या फळीकडं बघितलं, आणि सरळ देवीपुढची साखरेची वाटी उचलली.

"अहो वहिनी, नैवेद्य व्हायचाय अजून!" चुलत सासूबाई ओरडल्या.

"पोरगी थरथरायलीय, दिसत नाय का? देवीची समजूत मी काढते."

पाण्यात साखर ढवळून त्यांनी ग्लास माझ्या तोंडाला लावला. पंधरा मिनिटांनी मी बोटाला टोचून मशीनवर बघितलं, आकडा वर चढला होता. मग त्यांनी मला तिथंच ताट वाढलं आणि माझं जेवण होईपर्यंत शेजारून हलल्या नाहीत.

साखरेचा डबा दुसऱ्याच दिवशी खाली आला. नंतर दर सणाला त्यांचा आवाज यायचा, "हिला आधी वाढा. ताट पुढं आल्याबिगर सुई घेऊ देऊ नका."

सासूबाई वारल्या त्या वर्षी सण केला नाही. यंदा पुन्हा महालक्ष्म्या बसवल्या. ताटं वाढून झाली, पण तो आवाज काही आला नाही. मग मीच माझं ताट वाढून घेतलं, सुई घेतली आणि पाटावर बसले. पहिला घास उचलला आणि तसाच ताटात परत ठेवला. लई आठवण आली त्यांची. पण सुई घेतलेली होती. देवीपुढं बसून, रडत रडत, मी ताटातलं सगळं संपवलं.