फळ्याचा खालचा अर्धा

दत्ताकाकावर लिहायचं मी वर्षभर टाळलं. आळस नव्हता. लाज होती.

तो गेला तेव्हा मी हंपीत एका हॉस्टेलच्या रिसेप्शनला होते. गावात पोचले तोवर सगळं उरकलं होतं.

आज वर्ष झालं. पूर्णगडच्या जेटीवर फळ्याखाली बसून हे टाईप करतेय. खिशात खडू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दत्ताकाका आमचा शेजारी. मालवाहू जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता. अर्धं आयुष्य अमेरिकेच्या बंदरांत येण्याजाण्यात गेलं. रिटायर होऊन आला तो तिथलं राजकारण सोबत घेऊनच.

जेटीवर मच्छीमार सोसायटीचा फळा आहे. वरच्या अर्ध्यात वारा आणि भरती-ओहोटी. खालचा अर्धा कोरा असायचा. काका रोज सकाळी तिथे तीन ओळी लिहायचा. अमेरिकेवर.

लोक त्याला सिनेटर म्हणायचे. तोंडावर. तोही ओ द्यायचा.

मतं पक्की कंझर्व्हेटिव्ह. सरकारनं ऐपतीबाहेर खर्च करू नये. आरमार दणकट ठेवावं, कारण समुद्री चाच्यांच्या पट्ट्यातून जहाज काढलेल्या माणसाला मोकळ्या समुद्राची किंमत कळते. मित्रदेशाला दिलेला शब्द फिरवू नये. व्यापाराच्या आड येऊ नये.

आणि एक ओळ तो फिरून फिरून लिहायचा:

"सरकारनं दीपगृह उभारावं. सुकाणू धरू नये."

जिथे सगळे डिझेलच्या सबसिडीची वाट बघतात त्या जेटीवर हे लिहायला छाती लागते. मी तर म्हणते, इथल्या निम्म्या पुढाऱ्यांत ती नाही.

या फळ्याची एक गंमत आहे. त्यावर लिहिलं की बोटी ऐकतात. 'वारा आहे' म्हटलं की कुणी बाहेर पडत नाही. एकदा अमेरिकेच्या संसदेत बजेट अडकलं. काकानं लिहिलं, 'सरकारचं कामकाज बंद'. मी घाईत होते (मी कायम घाईत असते, कुठे जायचंय ते माहीत नसतं), शेवटची ओळ वाचली आणि खाली बोटींना ओरडून सांगितलं, आज बंद आहे.

तीन बोटी गेल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून काका वर ठळक लिहायला लागला: 'अमेरिकेत'.

मी चिपळूणचं कॉलेज सोडलं, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत पॅकिंग केलं, तेही सोडलं, गोवा, कुठे कुठे. सगळे विचारायचे, सेटल कधी होणार? काका फक्त फळ्याचा फोटो पाठवायचा. रोज. बसमध्ये, धाब्यावर, एकदा ताप आलेला तेव्हा कॉटवर. माझं इकॉनॉमिक्स तेवढंच.

असो. भरकटले.

रमाकांतभाऊबद्दल लिहायला हवं. त्याची बोट होती. काकानंच त्याला खाडीकाठी कोळंबीचं तळं घ्यायला लावलं. म्हणाला, अमेरिकेला कोळंबी लागते आणि अमेरिका व्यापाराला पक्की आहे. भाऊनं बोट विकली.

मग अमेरिकेनं आयातकर वाढवला. कोळंबी तळ्यात तयार, आणि व्यापारी फोन उचलेना.

भाऊ काकाशी बोलायचा बंद झाला. रोज काकाचं लिहून झालं की ओला फडका घेऊन यायचा आणि खालचा अर्धा पुसायचा. सगळ्यांसमोर. लोक हसायचे. सिनेटर, तुमच्या अमेरिकेला सांगा की जरा.

मी तेव्हा सुट्टीला आले होते. म्हटलं, काका, सोड ना आता. अमेरिकेतल्या तुझ्याच लोकांनी तोंडघशी पाडलंय तुला.

तो खडू झटकत म्हणाला, "सोडायचं कशाला गो बाय? आयातकर म्हंजे आपल्याच गिऱ्हाइकावरचा कर. हे मी पयल्यापासून सांगतोय. ते फिरले, मी नाय."

मग हळूच, "पण रमाकांतला बोट विकायला मी लावली. ते माझं चुकलं."

"जाऊन सांग की त्याला."

"गेलेलो. दार नाय उघडलंन."

म्हणून त्यानं ते फळ्यावर लिहिलं. शेवटचा फोटो माझ्याकडे आहे. पहिल्या दोन ओळी करावर, शिव्या न देता, धडधडीत. तिसरी: 'रमाकांत, मी चुकलो. तत्त्व चुकलं नाही.'

तीही पुसली गेली.

त्याच आठवड्यात काका गेला. जेवून पडला तो उठलाच नाही.

वर्षभर खालचा अर्धा कोरा होता. परवा सोसायटीनं तिथे बर्फाच्या गाडीची वेळ लिहिली. मी तिथे पुन्हा लिहिणार हे कळल्यावर चेअरमननी मला फोन केला. फळा सगळ्यांचा आहे, आठवणी घरी ठेव.

ठेवणार नाही.

तो बरोबर होता की चूक, यावर खुशाल भांडा. पण आपल्या बाजूचे लोक फिरल्यावर, स्वतःचं हसं होत असताना, ज्यानं मत बदललं नाही आणि चूकही लपवली नाही, असा माणूस टीव्हीवरच्या एकाही चर्चेत मला दाखवा. मग मी खडू खाडीत टाकते.

कमेंटमध्ये हात जोडलेले नकोत. त्याला चिडका वाद आवडायचा. तो घाला.

काका, तुला पोचवायला मी नव्हते. आज आहे. जा आता निवांत. तुझी दीपगृहाची ओळ मी लिहिते.

थांबा.

रमाकांतभाऊ आलाय. हातात ओला फडका.

माझ्याकडे बघितलंही नाही त्यानं. सरळ फळ्याकडे गेला. बर्फाच्या गाडीची वेळ पुसली. कोपऱ्यापर्यंत, नीट.

आता म्हणतोय, "लिही बाय. वर 'अमेरिकेत' लिहायला विसरू नको."