पत्रिकांची कोरी बाजू

मला एका जागी बसवत नाही. नवरा म्हणतो, हिच्या पायाला भिंगरी आहे. वर्गात एखादं मूल वाचताना अडलं की त्याच्यापेक्षा माझाच जीव खालीवर होतो, आणि मग मी साहित्य शोधत सुटते. साहित्य म्हणजे आम्हा शिक्षकांच्या भाषेत कथा-कविता नव्हे. तक्ते, कार्डं, मणी, काड्या, जे हातात धरून मूल शिकेल ते सगळं. वालचंदनगरच्या क्वार्टरमधून सकाळी निघायचं, वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत दिवस काढायचा आणि रविवारी स्कूटीवर टांग टाकून बारामतीची स्टेशनरीची दुकानं पालथी घालायची. घरी आलं की शिक्षकांच्या ग्रुपवर पडलेल्या पीडीएफ उतरवून घ्यायच्या. फोन भरला तरी माझं समाधान होत नसे. उद्याचा तक्ता आजच्यापेक्षा चांगला असेल, असं सारखं वाटायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी शाळेमागच्या माळावर उतरली आणि त्यातली एक मुलगी तिसरीच्या वर्गात येऊन बसली. वय तिसरीचं, वाचन मात्र शून्य. दर साली चार-पाच महिने आईबापांबरोबर फडात, उरलेले महिने गावाकडं. शाळा अशी सलग तिला मिळालीच नव्हती.

तिची आई पहिल्याच आठवड्यात शाळेच्या दारात आली. डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा, हिरव्या शेंड्यांचा, भारा तसाच होता, तो खाली ठेवायलाही तिला फुरसत नव्हती. म्हणाली, "मॅडम, हिचा मामा म्हणतोय, वाचून दाखव, मग गावाकडं ठेवून घेतो शाळंला. न्हाईतर पुढच्या साली हिच्या हातात बी कोयता. तुमी बघा काय हुतंय का."

झालं. कारखाना बंद होईपर्यंतचा वेळ माझ्या हाती होता, आणि तो कधी बंद होईल हे कारखान्यालाही आधी ठाऊक नसतं. ऊस संपला की पट्टा पडतो, गळीत थांबतं आणि टोळ्या त्याच दिवशी सामान भरायला लागतात.

मी फोनमधली सगळी पुंजी त्या पोरीपुढं ओतली. रंगीत तक्ते, गाणी, हलणारी चित्रं. ती कौतुकानं बघायची आणि अक्षर विचारलं की चित्राचं नाव सांगायची. ‘ए’साठी एडक्याचं चित्र दाखवलं तर "मेंढरू" म्हणाली. तिचं काय चुकलं? मी मात्र चिडले. तिच्यावर नाही, त्या तक्त्यावर, आणि थोडी स्वतःवर.

एक दिवस ती तोंडानंच सांगत होती, "आज आईनं पाचट पेटवलं." मी हाताशी असलेल्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि तिच्यापुढं धरलं. तिनं बोट ठेवून वाचलं. वाचलं म्हणजे आपलंच बोलणं पुन्हा म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी ‘पाचट’मधला ‘प’ तिनं फळ्यावरच्या ‘पाणी’त आपणहून ओळखला. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

मग मी लग्नपत्रिकांच्या मागे लागले. आमच्याकडं उन्हाळ्यात एकेका घरात पन्नास पत्रिका येतात. जाड, गुळगुळीत, फेकवत नाहीत म्हणून माळ्यावर पडून राहतात. मी दारोदार मागत फिरले. एक आजोबा मिश्कीलपणे म्हणाले, "मॅडम, शाळा सोडून लग्नं जुळवायला लागला का काय? आमच्या नातवाचं बी बघा." मी म्हटलं, "आबा, आधी पत्रिका द्या, मग नवरी बघते."

पोरगी बोलायची, मी लिहायची. टायरगाडीचा बैल मुतला. भाऊ मोळीवर झोपला. आईच्या हाताला कुसळ गेलं. कार्डं साडीच्या एका बॉक्समध्ये साठू लागली. मधल्या सुट्टीत ती बॉक्स घेऊन पायरीवर बसायची आणि लहान पोरांना वाचून दाखवायची. संक्रांत उलटली तेव्हा ती कार्डाबाहेरचीही सोपी वाक्यं अडखळत वाचायला लागली होती. जोडाक्षरं मात्र अजून राहिली होती. मी रोज फडाकडं बघायची. किती ऊस उभा आहे, किती पडला. शेतकऱ्याला ऊस लवकर जावा असं वाटतं. मला तो जाऊच नये असं वाटायचं.

अशात केंद्रप्रमुख शाळेला भेट द्यायला आले. पायरीवर वाचत बसलेली पोरगी त्यांनी पाहिली, बॉक्स उघडून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, हे इंदापूरला शैक्षणिक साहित्याच्या स्पर्धेत, प्रदर्शनात मांडायचंच. तालुक्यात असं साहित्य कुणाकडं नाही."

मी हुरळले. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पीडीएफ उतरवत आले होते, आता लोक माझं बघणार होते.

मी पोरीला सांगितलं, तिथं नंबर काढतात, दोनच दिवस, मग तुझा बॉक्स तुला. ती म्हणाली, "येवढी चार कार्डं ठिवू का माझ्यापाशी?" कडेला तेलकट डाग पडलेली, तिची आवडती चार कार्डं. मी म्हटलं, "नको गं, सेट अपुरा दिसेल." तिनं मुकाट्यानं ती चारही परत बॉक्समध्ये ठेवली. रात्री मी तीच चार कार्डं नव्यानं लिहून काढली, डाग दिसू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदापूरच्या हॉलमध्ये मी टेबलावरची चादर सरळ करत होते, तेवढ्यात आमच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, पट्टा पडला. टोळी सामान भरतीय. पोरगी हितं व्हरांड्यात उभी हाय, बॉक्स मागतीय."

"किती वेळ आहे?"

"ट्रॅक्टर आला न्हाय अजून. घंटाभर तरी."

परीक्षक दोनला यायचे होते. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मनात हिशेब चालला: स्कूटीवर पाऊण तास, आत्ता निघाले तर गाठते. पण ओळीत माझं टेबल सहावं होतं आणि परीक्षक दारात दिसत होते. बॉक्स उचलला तर टेबल रिकामं. म्हटलं, ट्रॅक्टर कधी वेळेवर आलाय? अर्धा तास थांबू.

परीक्षक प्रत्येक टेबलापाशी चहा पीत, फोटो काढत आले. मी सारखी घड्याळ बघत होते. शेवटी माझ्यापुढं आले. त्यांनी कार्डं हातात घेतली, उलटून पलीकडचा गणपती आणि वधूवरांची नावं बघितली, हसले. मग विचारलं, "हे साहित्य मुलं प्रत्यक्ष वापरतात का?"

"रोज वापरतात, सर," मी म्हणाले. आणि ते म्हणताना मला अभिमान वाटला. आज तो आठवला की माझीच मला लाज वाटते.

बॉक्स उचलून मी सुटले. वाटेत कुठं थांबले नाही. माळावर पोहोचले तेव्हा खोप्या मोडलेल्या होत्या. तीन दगडांच्या चुलीत धग होती, आणि एक कुत्रं राखेत तोंड घालत होतं. मुख्याध्यापक शाळेच्या फाटकात उभे होते. त्यांनी ट्रॅक्टर गेला त्या रस्त्याकडं हात केला. संध्याकाळी निकाल आला. आमचा तालुक्यात दुसरा नंबर.

टोळीच्या मुकादमाचा फोन आठ-दहा दिवस लागला नाही. मी वर्ग सोडून व्हरांड्यात जायची, लावायची, परत यायची. मुख्याध्यापक म्हणायचे, "लागंल, मॅडम. बसा जरा." मला कुठलं बसवतंय! शेवटी लागला. मुकादम तिच्याच गावचा. त्यानं पोरीला हाक मारली.

"मॅडम!" तिचा आवाज आनंदानं भरला होता. "नंबर आला का आपला?"

"आला गं. दुसरा."

ती तिथंच कुणाला तरी ओरडून सांगू लागली, माझा नंबर आला, माझा नंबर आला. मला तिला थांबवता येईना. मग मी विचारलं, मामाला वाचून दाखवलंस का?

"मामानं पेपर दिला वाचाया. त्यात लई जोडाक्षरं हुती. अडले मी. कार्डं आसती तर घडाघडा वाचलं आसतं, मॅडम. मामा म्हणला, पुढच्या साली बघू."

पुढच्या साली तिच्या हातात काय असणार, हे तिच्या आईनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी म्हटलं, "आजच पाठवते बॉक्स. मुकादमाकडून पत्ता घेते. मामापुढं सगळी वाच."

"नगं, मॅडम," ती घाईघाईनं म्हणाली. "आता नंबरातली हायती ती. हितं पोरं हात लावत्याल, खराब हुत्याल. तुमी कपाटातच ठिवा."

चार महिने मी तिला वाचायला शिकवत होते, आणि माझ्याकडून ती हे शिकून गेली होती.

"खराब होऊ देत गं," मी व्हरांड्यातून ओरडलेच, "वापर आणि खराबच होऊ देत!"

पलीकडून मुकादम बोलला, "पोरगी गेली की, मॅडम. नंबर आल्याचं सांगाया पळाली मामाला."