कोपऱ्यातलं भोक

२०२५ साल, मला त्र्याहत्तरावं चालू आहे. सव्वा महिन्यापूर्वी एकलहरे रोडवरच्या माझ्या फर्निचरच्या दुकानात कडा घासत बसलो होतो, तेव्हा भोये गुरुजींच्या मंडळींचा फोन आला. "नाना, हे घाटात पडले..." पुढचं तिला बोलवेना. काय झालं असेल ते मला आधीच दिसत होतं.

गुरुजी पेठकडच्या एका डोंगरी शाळेवर होते. दोन वर्षांपूर्वी दुकानात आले ते किचनच्या कामातून उरलेले पांढऱ्या सनमायकाचे तुकडे मागायला. प्रत्येक पोराला स्वतःचा छोटा पांढरा फळा द्यायचा होता. मार्करनं लिहायचं, फाटक्या मोज्यानं पुसायचं. "सगळ्यांनी एकदम फळे वर धरले की कोण कुठं अडलंय ते मला एका नजरेत कळतं, नाना." मी दुसरीतून सुटलेला. माझी पाटी फुटली, बापानं दुसरी आणली नाही. मी नुसते तुकडे दिले नाहीत, मागं प्लाय चिकटवून, कडा घासून फळे करून दिले. तसा गुळगुळीत माल नाशकात दुसऱ्या कुणी करून दाखवावा.

गुरुजींचं एकच मागणं होतं. "कोपऱ्यात एक भोक पाडा ना. पोरं खिळ्याला टांगतील, मलाही दोरीत ओवून नेता येतील."

"तडकतो माल. माझ्या हातून नाय व्हायचं. अन् बांधायची काळजी सोडा, मी मारलेली गाठ सुटत नाय."

"गाठीचा एवढा तोरा, अन् भोकाचं एवढं भ्या?" ते हसले.

मोटरसायकलवर गठ्ठा मीच बांधायचो. पहिल्या खेपेला घाटातल्या वळणावर एक फळा मधूनच सरकून पडला. दुसऱ्या खेपेला दोन. मागच्या ट्रकनं कचकन ब्रेक मारला म्हणे. गुरुजींनी हसत सांगितलं, मला हसू आलं नाही. चकाकी टिकावी म्हणून सनमायकावरचं प्लास्टिकचं कव्हर मी काढत नसे. कव्हरावर कव्हर बसलं की गठ्ठा आतून साबणासारखा होतो, हे मला कळत होतं. तरी तिसऱ्या खेपेला मी गाठच जास्त आवळली... निघताना ते म्हणाले, "पुढच्या वेळी भोकं पाडाच, नाना." मी गाठ आणखी एकदा ओढून बघितली.

त्याच खेपेला वळणावर फळे सरकले. ते मागं बघायला वळले आणि समोरून टेम्पो आला.

दहाव्याला गेलो तर त्यांच्या भावानं दोरी पुढं केली. गाडीच्या कॅरिअरलाच राहिली होती. गाठ जशीच्या तशी. फक्त आत काही नव्हतं.

"तुमची गाठ पक्की निघाली, नाना," तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. मी दोरी पिशवीत घालून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. शाळेसाठी केलेले तेवीस फळे भिंतीला टेकून उभे होते. पिशवीतल्या दोरीची गाठ सोडायला बसलो, सुटेना, शेवटी कापली. मग सगळ्यांची कव्हरं सोलली, ड्रिल लावलं आणि एकेकाच्या कोपऱ्यात भोक पाडत गेलो.

एकही तडकला नाही.