भाऊजींच्या तीन म्हाताऱ्या

भाऊजींच्या बेडकांबद्दल पुन्हा तोंडातून अवाक्षर काढणार नाही, असा शब्द मी चार माणसांसमोर दिलाय. लिहिण्याचं काही ठरलं नव्हतं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तीस वर्षं काचा घासतायत. पुढे आरसे, दिवे, गिऱ्हाइकाच्या नाकाचं कौतुक करणाऱ्या मुली, आणि मागे घरघरत्या चाकासमोर हा माणूस. काचेला झिलई द्यायला एक तांबूस भुकटी लागते. ती भाऊजींच्या उजव्या अंगठ्यात इतकी मुरलीय की आंघोळीनेही निघत नाही. काचेवरचा केसाएवढा दोष त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसतो. व्यवहारातलं मात्र हत्तीएवढंही दिसत नाही, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. मी जरा जास्त म्हणतो.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. कोण कुठे खोटं बोलतंय ते शोधून काढायचा मला पगार मिळतो, आणि सवय अशी की रविवारीही सुटत नाही.

तर ह्या भाऊजींना वयाच्या पन्नाशीत प्राण्यांच्या पत्त्यांचं वेड लागलं. खेळ सोपा आहे. दोघं समोरासमोर बसतात. प्रत्येकाकडे स्वतः जुळवलेले साठ पत्ते, त्याला डेक म्हणायचं. पत्त्यावर एखादा प्राणी, त्याचं बळ आणि त्याची करामत छापलेली. पाळीपाळीने पत्ता ओढायचा, हातातले प्राणी टेबलावर उतरवायचे आणि समोरच्यावर सोडायचे. काही पत्त्यांवर प्राणी नसतो, नुसता वार असतो. तो समोरच्याचा एक प्राणी उडवतो. जोरदार पत्ते महाग असतात. शहाणा माणूस असे दोन-चार विकत घेतो आणि जिंकतो.

भाऊजी शहाणे नाहीत. पत्त्यांचं दुकान लॉन्ड्रीच्या वर, पहिल्या मजल्यावर. तिथे काउंटरच्या टोकाला बुटांचा एक जुना खोका असतो. कोणालाच नको असलेले पत्ते त्यात टाकतात, एका चहाच्या किमतीत दहा. दर रविवारी सकाळी भाऊजी डोळ्याला भिंग लावून त्या खोक्यापुढे हजर. मेथी निवडताना ताईसुद्धा इतका वेळ घेत नाही. दुकानवाल्या बाईंनी शेवटी त्यांच्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं, कारण दोन तास उभे राहिले की त्यांचे गुडघे बोलायला लागायचे आणि मग तेही थांबायचे नाहीत.

बरं, स्वस्तातलं घेता तर निदान जोराचं घ्या. नाही. त्यांचा नियम असा, की एका तळ्यात सुखाने नांदतील असेच प्राणी डेकमध्ये घ्यायचे. बेडूक, बेडूकमासे, गोगलगाई, एखादा चतुर. एकदा खोक्यात चुकून पडलेला एक बगळा मलाच सापडला. बळ पाच. मी तो आनंदाने त्यांच्यापुढे धरला.

"भाऊजी, हा घ्या. पाण्यातलाच आहे. असा पुन्हा मिळायचा नाही."

त्यांनी भिंगातून बराच वेळ बघितलं. "बगळा आहे रे."

"मग?"

"बगळा बेडूक खातो."

"पत्त्यावर तसं कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? बेडकांना माहीत असतं." आणि तो पाच बळाचा बगळा त्यांनी खोक्याच्या तळाशी पालथा घातला. मी कपाळाला हात लावला. तासाभराने तोच बगळा मी गुपचूप स्वतःसाठी घेतला, हेही सांगून टाकतो.

त्या डेकमध्ये तीन पत्ते एकसारखे होते, म्हातारी बेडकी. चित्रात पानाखाली बसलेली एक सुरकुतलेली बेडकी, एक डोळा मिटलेला. तिचं स्वतःचं बळ एक. म्हणजे फुंकर मारली तर उडेल. पण ती टेबलावर बसली की बाकीच्या प्रत्येक बेडकाचं बळ दोनाने वाढायचं. तिच्या जिवावर अख्खं तळं फुगायचं. भाऊजींचा जीव ह्या तिघींवर. दाराशी गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही ते म्हातारी काढून दाखवायचे. "हिचा डोळा बघा. मिटलाय, पण झोपलेली नाहीये ती." तो माणूस बिचारा खांद्यावर सिलिंडर घेऊन डोळा बघायचा.

ताईचं म्हणणं, घरात ओरडत नाहीत तोवर असू देत.

रविवारी दुकानातून परतलं की ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाऊजी आणि मी खेळायचो. तीन वर्षं दर रविवारी मीच जिंकलो. जिंकलो की वर उपदेश. "भाऊजी, बेडकी फुगून फुगून किती फुगणार?" ते हसायचे आणि माझ्यासाठी चहा टाकायचे. हरलेल्या माणसाने इतकं हसू नये. जिंकणाऱ्याची मजा जाते.

म्हणून मी पैज लावली. दुकानात वर्षातून एकदा स्पर्धा होते, प्रत्येकाला चार सामने. मी दुकानातच, बाई, ताई आणि तिथल्या आणखी एका गिऱ्हाइकासमोर म्हणालो, "चारातला एक सामना जिंकून दाखवा. नाही जमलं तर सगळे बेडूक परत ह्या खोक्यात. आणि पुन्हा पत्त्यांना हात लावायचा नाही."

"आणि जिंकलो तर?"

"तर बेडकांबद्दल मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही."

त्यांचा चेहरा उतरला, पण मान हलवली त्यांनी. भाऊजी शब्दाला पक्के, ही त्यांची आणखी एक गैरसोय. गेल्या वर्षी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं यंत्र आलं होतं. भाऊजी आता त्या यंत्राला काचा भरवायचे आणि शेवटची झिलई तेवढी हाताने द्यायचे. स्वतःच्या डोळ्यांनी पारखायचं आणि स्वतः ठरवायचं असं त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं, ते बुटांच्या खोक्यात. ताईने मला हे नंतर ऐकवलं. मला ते पैज लावतानाही ठाऊक होतं.

स्पर्धेच्या दिवशी भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पहिले तिन्ही सामने हरले. तिसऱ्या सामन्यानंतर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांनी बेडकांची डबी छातीशी धरली होती. मी शेजारी जाऊन म्हणालो, "डबी रिकामी कराल तेव्हा मला द्या. बटणं ठेवायला बरी आहे." मला स्वतःलाच आता हे वाक्य वाचवत नाही.

चौथा सामना पडला दातांच्या डॉक्टरांशी. पत्त्याला हात लावण्याआधी बोटं रुमालाने पुसणारा माणूस. त्यांचा डेक सगळा ड्रॅगनचा, एकेकाच्या किमतीत एकेक दात बसला असता. मी मजा बघायला मागे उभा राहिलो. भाऊजींनी एक बेडूकमासा उतरवला, एक गोगलगाय, मग दोन बेडूक. डॉक्टरांनी कंटाळून हातात आलेले दोन्ही वार फालतू बेडकांवर उडवून टाकले. पुढच्याच पाळीला म्हातारी बसली, तिच्या मागून दुसरी. बेडूक फुगत गेले आणि ड्रॅगन एकेक करून टेबलावरून उतरले. सामना तीन डावांचा, दोन जिंकले की संपतो, आणि दुसरा डावही तसाच झाला. भाऊजी जिंकले होते.

पैज हरल्याचं मला नंतर सुचलं. डॉक्टरांनी वार राखून ठेवायला हवा होता. म्हातारी आली की तिच्यावरच टाकायचा. मी तसंच करतो. पण म्हातारी हातात आलीय हे त्यांना कळणार कसं? मला कळतं. पत्ते जपायला प्लास्टिकची कव्हरं घालतात. भाऊजींनी त्या तिघींना इतक्यांदा बाहेर काढलं होतं, की त्यांच्या अंगठ्याच्या भुकटीने तिन्ही कव्हरांचा एकेक कोपरा घासून आंधळा झाला होता. पत्ता जरा तिरका झाला की मागून दिसायचं. पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं होतं. तीन वर्षं मी माझ्या हुशारीने जिंकत नव्हतो. भाऊजी पत्त्यांची तोंडं बघत बसायचे आणि मी पाठी.

निकालाच्या कागदावर सही करायच्या आधी डॉक्टरांनी पत्ते न्याहाळले. हरलेल्या माणसाची नजर फार तीक्ष्ण होते. "बाई, जरा येता? ह्या पत्त्यांना खुणा आहेत. नेमकी कुठे ते सांगता येत नाही, पण काहीतरी वेगळं दिसतंय."

नियम सगळ्यांना माहीत होता. पत्ता पाठीवरून ओळखू येत असेल तर जिंकलेला सामना गेला. बाईंनी पत्ते उलटसुलट करून बघितले. "सगळीच कव्हरं झिजलीत. झिजू देत. ओळखू येतात का, एवढाच प्रश्न आहे."

भाऊजींचे कान लाल झाले होते. "मी खुणा करीन?" ते म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "ह्याला विचारा. तीन वर्षं हा दर रविवारी माझ्यासमोर बसतो. माझ्या पत्त्यांच्या पाठी माझ्यापेक्षा ह्यानेच जास्त बघितल्यात. शिवाय पैज ह्याच्याशीच आहे. मी हरलो तर ह्याचा फायदा. तो माझ्या बाजूने कशाला खोटं बोलेल?"

चोराच्या मनात चांदणं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथे टोमणा नव्हता.

बाईंना ते पटलं. त्यांनी तिन्ही म्हाताऱ्या आणि दुसरे सात पत्ते पिसले आणि दहा पाठी माझ्यासमोर मांडल्या. "तीन म्हाताऱ्या कुठल्या? दाखवा." मला त्या दुरूनच दिसल्या, पहिली, पाचवी आणि नववी. खरं बोट ठेवलं असतं तर पैज जिंकलो असतो, भाऊजींची डबी खोक्यात रिकामी झाली असती. आणि मला कसं कळलं, हेही सगळ्यांना कळलं असतं. मी विचार केल्यासारखं केलं आणि भलत्याच तिघांवर बोट ठेवलं. बाईंनी ते उलटले. बेडूक, चतुर, गोगलगाय. "पुन्हा," त्या म्हणाल्या. पुन्हा पिसले, पुन्हा मांडले. तीनदा झालं. तिन्ही वेळा मी म्हाताऱ्यांना चुकवून तीन-तीन पत्ते दाखवले.

"ह्यांना ओळखू येत नाहीत तर कोणाला येणार?" बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी खांदे उडवले आणि सही केली. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणी माझ्याकडे नीट बघण्याआधी मी भाऊजींचं अभिनंदन केलं, जरा मोठ्यानेच.

भाऊजी माझ्याबरोबर जिना उतरले. खाली लॉन्ड्रीपाशी थांबले. ताई पुढे गेली होती.

"नऊ बोटं ठेवलीस तू," ते म्हणाले. "डोळे मिटून ठेवली असतीस तरी एखादी म्हातारी लागली असती रे. एकदाही लागली नाही."

खोटा दावा ओळखायचा कसा, तर तो फार नीटनेटका असतो. हे मी कचेरीत नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवतो.

भाऊजींनी डबीतून एक म्हातारी काढली, पालथी केली आणि लॉन्ड्रीच्या दिव्याखाली तिरकी धरली. तिची पाठ ते बहुधा पहिल्यांदाच बघत होते. आंधळ्या कोपऱ्यावर त्यांनी स्वतःचा अंगठा टेकवून बघितला. तो बरोबर बसला. मग पत्ता परत डबीत ठेवून झाकण लावलं.

"भाऊजी, ऐका ना, मी..."

"बेडकांबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय ना?" ते शांतपणे म्हणाले आणि चालू लागले.

पुढच्या रविवारी मी जाऊ की नको करत गेलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्ते मांडलेले होते. साठही पत्त्यांना कोरी करकरीत कव्हरं. आम्ही तीन डाव खेळलो आणि तिन्ही मी हरलो, माझ्याकडे बगळा असूनही. भाऊजींनी नेहमीसारखा माझ्यासाठी चहा टाकला.

"तुला आज झालंय तरी काय?" ताईने विचारलं. "तीन वर्षांत कधी हरला नाहीस."

भाऊजी पत्ते गोळा करत होते. त्यांनी वर बघितलं नाही. मी कप तोंडाला लावला. शब्द दिलेला होता.