मामाच्या मांडीवरचा बेंजो

आमच्या गावात कुणालाही विचारा, या तालुक्यात बेंजो वाजवावा तर कुणी? गाव सांगेल, धसईच्या मामाने. हा मामा म्हणजे माझ्या चुलतभावाचा मामा. त्याने जन्मभर भात लावला, भात कापला, भात बाजारात नेला आणि उरलेल्या वेळात भात खाल्ला. बेंजो त्याने एकदाच हातात धरला, तोही मी धरायला दिला म्हणून. तरी मान त्याचा. ज्याने त्या तारांवर बोटांची सालं काढली तो मी, आणि मला गाव ओळखतं ते ‘मामाला बेंजो आणून देणारा’ म्हणून.

बेंजो आमच्या घरात आला तो बैलाच्या जागी. नव्वदीची सुरुवात होती. बाबा मला घेऊन म्हसाच्या जत्रेला गेले होते. तिथे त्यांनी इतके बैल पाहिले की शेवटी बैलच त्यांना ओळखायला लागले. एकही पसंत पडला नाही. कुणाची चाल वाकडी, कुणाची शिंगं. रिकाम्या हातांनी परत गेलं तर भावकी हसेल, म्हणून निघता निघता मी बोट दाखवलं ते त्यांनी घेऊन टाकलं. लांबट लाकडी पेटी, वर तारा ताणलेल्या आणि टायपिंगच्या मशिनला असतात तशी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. आमच्याकडे हळद असो, गणपती असो, बेंजो पार्टीवाचून त्या काळी पान हलत नव्हतं.

मी ओट्यावर बसून वाजवायला लागलो. शेजारच्या म्हशीने दूध चोरायला सुरुवात केली. आमच्या कोंबड्या अंडी घालायला दुसऱ्या आळीत जाऊ लागल्या. एक तर नेसत्या पिसांनिशी गेली ती आलीच नाही. आई म्हणायची, “बैल आणला असता तर शेण तरी पडलं असतं दारात.”

शिकवणारं कुणी नव्हतं. टेपवर ऐकायचं आणि बटणं शोधायची. गाण्यात बेंजो असो, ढोलकी असो, बाईचा आवाज असो, मी सगळं एकट्याने बेंजोवरच वाजवायचो. मध्ये श्वास घ्यायलाही थांबायचो नाही. थांबलो तर शांत व्हायचं, आणि शांत झालं की आई म्हणायची, “झालं एकदाचं.”

पुढे मी वाशिंदला कारखान्यात लागलो. प्लास्टिकच्या बादल्या. बादलीला कडी लावायची, बादली पुढे सरकवायची, पुन्हा बादली. इतक्या बादल्या झाल्या की भातसा नदी तीनदा भरून नेता आली असती. रात्री डोळे मिटले की बादल्या. आमचा सुपरवायझर एकच वाक्य शिकून आला होता, “जागा सोडू नको.” मशीन सोडून मुतायला जायचं तरी दुसरा माणूस त्या जागेवर उभा करून जायचं. मी कड्यांवर बोटांनी गाणी वाजवायचो. असं तिथेच म्हातारं व्हायचं, हे मला पंचविशीत कळून चुकलं होतं. काही गोष्टी लवकर कळून काही उपयोग नसतो.

आणि मग चुलतभावाचं लग्न ठरलं. हळदीला मुरबाडच्या मास्तरांची बेंजो पार्टी ठरवायची, असं त्याच्या मनाने घेतलं.

हे मास्तर म्हणजे काय होते ते आता सांगून खरं वाटायचं नाही. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, मिशा अशा की त्यांच्यावर वाळवण घालावं. त्यांनी बेंजो धरला की वऱ्हाड जेवण विसरायचं आणि आचारी रडायचा. मुरबाडकडच्या एका मांडवात तर खांब नाचला होता. मी स्वतः पाहिला नाही. पण ज्याने तो खांब रोवला होता त्याने मला सांगितलं, आणि तो माळकरी माणूस आहे.

सुपारी द्यायला चुलतभाऊ मला मुरबाडला घेऊन गेला. बोलणं संपल्यावर त्याने मला पुढे ढकललं.

“मास्तर, ह्यो आमचा भाऊस. बेंजो वाजवतो.”

मास्तरांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “कोणाकडं शिकला?”

“घरीच,” मी म्हणालो.

“घरी काय, सगळेच वाजवतात. घरी मी तबला पण वाजवतो.”

“नाय मास्तर, चांगला वाजवतो. आमची कोंबडी घर सोडून गेली ह्याच्यापायी.”

यात चांगलं काय ते मला कळलं नाही, पण मास्तर हसले. तारेला तेल लावत म्हणाले, “बसव हळदीला माझ्या बाजूला. एक गाणं. माझा दुसरा बेंजोवाला सुरतेला चाललाय. ह्याचं जमलं तर सीझनभर घेतो मी ह्याला.”

सीझनभर. म्हणजे तुळशीच्या लग्नापासून पावसाळा लागेपर्यंत, मांडवामागून मांडव, अंगात लाल कोट. आणि बादल्यांना रामराम. एका गाण्याच्या पलीकडे ते सगळं होतं. गाणं मी झोपेतही वाजवायचो, तेव्हा मला खुश व्हायला काय झालं होतं? पण एस.टी.त बसल्यापासून माझी बोटं गार पडली ती हळदीच्या दिवसापर्यंत गरम झाली नाहीत. जेवताना आमटीत घालून ठेवायचो. घाम असा फुटायचा की माझ्या अंथरुणावर नाचणी उगवली असती. घरात वाजवलं की बरोबर यायचं, आणि बरोबर आलं की भीती दुप्पट व्हायची, कारण आता चुकायला काहीतरी होतं.

हळदीच्या दिवशी दुपारपासून मी टमरेल घेऊन ओढ्याकडे इतक्या फेऱ्या मारल्या की तिथे पायवाट पडली. आजही लोक ती वापरतात. आई मांडवात बायकांबरोबर बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “हळद नवऱ्याची हाय आणि पिवळा तू पडलास. काय खाल्लंस का नाय?”

“नको, आई.”

“एक गाणं तर वाजवायचं रे. बाळंतपण हाय का?”

ऊन उतरलं आणि पार्टी येऊन बसली. लोखंडी खुर्च्या, मध्ये मास्तर, उजवीकडे ढोलकीवाला, बोटं अशी की एकेकाचं मुसळ व्हावं. मास्तरांच्या डावीकडची खुर्ची मला दिली. बेंजो मांडीवर आडवा घेतला, वायर भोंग्याच्या मशीनला जोडली. मी बटणांवरून नुसता हात फिरवत राहिलो.

ढोलकीवाला वाकून म्हणाला, “भाऊ, वाजवायचाय ना? का नुसता इस्त्री करायला घेतलाय?”

मास्तरांनी मान हलवली आणि गाणं सुरू झालं.

आता हे सांगताना मला वाढवून सांगावंसं वाटत नाही. मी चांगला वाजवत होतो. माझा बेंजो मी पहिल्यांदाच ओट्याबाहेर ऐकला. तो भोंग्यातून निघाला, मांडवावरून गेला, आंब्यापलीकडे खळ्यावर गेला आणि तिथे उभी असलेली माणसं वळली. चुलतभाऊ पाटावर हळदीने माखलेला, तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता. बाबा मागे उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर बैल पसंत पडल्यासारखं काहीतरी होतं. पहिलं कडवं सरलं. मी न थांबता पुढे निघालो, ओट्यावर निघायचो तसाच. तेवढ्यात मास्तर माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “जागा सोड.”

वाजवणाऱ्यांच्या बोलीत याचा अर्थ सरळ आहे. कडव्यानंतर चार मात्रा थांब. ती ढोलकीची जागा आहे, ती तिला भरू दे. दहा वाजवणाऱ्यांना सांगितलं तर दहाही जण नुसता हात उचलतील. पण मी वाजवणाऱ्यांत वाढलो नव्हतो. मी आमच्या घरात वाढलो होतो, आणि आमच्या घरात हे दोन शब्द दुसऱ्याच लोकांच्या तोंडून आले होते. माझ्या लहानपणी कालव्याची आखणी आली तेव्हा खांद्यावर पट्ट्या असलेला एक माणूस आमच्या खाचराच्या बांधावर उभा राहून हेच म्हणाला होता. बाबांनी डोक्याचं फडकं काढलं, खांद्यावर टाकलं आणि निघाले. वाद नाही, प्रश्न नाही. कचेरीतल्या बाकावर हेच, दवाखान्याच्या ओळीत हेच. आमच्याकडे कोट घातलेला माणूस ‘जागा सोड’ म्हणाला की कान ऐकायच्या आत ढुंगण उठतं.

मी उठलो.

गाणं चालू असताना, भर मांडवात, बेंजो हातात घेऊन मी उभा राहिलो. डोक्यात एकच होतं, की आपलं नाही जमलं, उठवलं आपल्याला. आणि नेमका तेव्हा धसईच्या एस.टी.तून उतरून धुळीने पांढरा झालेला मामा खुर्ची शोधत येत होता. मांडवातली रिकामी खुर्ची आणि वाशिंदकडची रिकामी जमीन, दोन्हींवर कुणी ना कुणी टपलेलाच असतो. मामा बसला. बेंजो कुठे ठेवायचा ते मला सुचेना. वायर लांब जात नव्हती. मी तो त्याच्या मांडीवर ठेवला.

“धरा जरा, मामा.”

“दे,” मामा म्हणाला. भला माणूस.

ढोलकीवाल्याने ती चार मात्रांची जागा अशी भरली की मांडव हातभर वर उचलला गेला. मग मास्तरांनी गाणं घेतलं आणि शिट्ट्या सुरू झाल्या. व्हिडिओवाला दिवा घेऊन वळला. त्याला काय दिसलं, तर मांडीवर बेंजो घेतलेला मामा, डोळे मिटून मान हलवतोय. तो एस.टी.च्या धक्क्यांनी दमला होता, पण उजेडात माणूस रंगल्यासारखाच दिसतो. कुणीतरी ओरडलं, “वा मामा!” मामाने बरं दिसावं म्हणून एक बटण दाबलं.

मी पाण्याच्या पिंपामागे उभा होतो. मला वाटलं होतं की मी उठलो म्हणजे गाण्याला भोक पडेल. काही पडलं नाही. मी नसतो तर ते जसं झालं असतं तसंच ते होतं, उलट जरा मोकळं.

गाणं थांबल्यावर मास्तर पिंपाशी पाणी प्यायला आले.

“कुठं गेलास रे मधेच? बरं वाटत नाय का?”

“तुमीच म्हटलात ना, जागा सोड.”

ढोलकीवाला मागेच होता. तो हसला ते ढोलकीला टेकून, मग खांबाला टेकून, मग खाली बसून. मास्तर हसले नाहीत. ते हसले असते तर चूक हसण्यावारी गेली असती आणि मी आजही कुठेतरी वाजवत असतो असं मला वाटतं. त्यांनी पेला पालथा ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, “बाबा, वाजवण्यातली जागा. खुर्ची नव्हं.”

“पुना बसू का?”

त्यांनी मामाकडे पाहिलं. तो माझ्या खुर्चीवर झोपला होता, बेंजो पोटाशी धरून.

“आता सेट झालंय रे सगळं. पुढं बघू.”

पुढं बघू. मराठीत ‘कधीच नाही’ याला इतका मऊ शब्द दुसरा नाही. दुसरा बेंजोवाला सुरतेला गेला, त्याच्या जागी कल्याणकडचा कुणी आला. मी तिसऱ्या दिवशी वाशिंदला बादल्यांसमोर उभा होतो. सुपरवायझर म्हणाला, “जागा सोडू नको.” नाही सोडली.

पुढे कितीतरी वर्षं चुलत्याकडे पाहुणा आला की हळदीच्या व्हिडिओची कॅसेट लागायची. मी तीत एकदाच दिसतो, पिंपामागे, अर्धा. मामा मात्र अख्खं कडवं वाजवतो. सुरुवातीला मी सांगायचो की तो मी होतो. लोक म्हणायचे, “तू पण कायपण सांगतोस.” मी जन्मभर फुगवून सांगितलेलं सगळं या लोकांनी गिळलं. नाचलेला खांब गिळला, पळालेली कोंबडी गिळली. खरं एकच सांगितलं, ते तेवढं अडकलं.

मग डीजे आले आणि बेंजो पार्ट्या बसल्या. वाशिंदला शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, आमचा कारखाना तिथून हलला आणि मी शहापूरला एका हार्डवेअरच्या दुकानात लागलो. बादल्या तिथेही होत्याच, आता विकायच्या. एकदा कामानिमित्त मुरबाडला गेलो तेव्हा एस.टी. स्टँडवर मास्तर दिसले. साधा शर्ट, मिशा उतरलेल्या. कोटाशिवाय ते इतके लहान होते की मी आधी दुसऱ्याच माणसाच्या पाया पडणार होतो.

“मास्तर, तुमच्यात वाजवलंय मी एकदा.”

“असंल,” ते म्हणाले. “लई जण वाजवून गेले. कुठल्या हळदीला?”

मी गाव सांगितलं. त्यांनी बोटांवर मांडव मोजले. मग त्यांचा चेहरा उजळला.

“आंब्याखाली मांडव होता ती. आठवतीय. तिथं धसईचा एक मामा होता बघ. काय हात होता म्हाताऱ्याचा. मी त्याला घेणार होतो सीझनला.”

मी म्हणालो, “हो. होता खरा.”



घरी आलो आणि माळ्यावरून बेंजो काढला. दोन तारा तुटल्या होत्या, बाकीच्या गंजलेल्या. ओट्यावर बसून तेच गाणं वाजवलं. बटणं अडखळत होती, पण बोटांना वाट माहीत होती. पहिलं कडवं संपलं तिथे मी हात उचलला आणि थांबलो.

आई आत सुपात तांदूळ निवडत होती. आता तिला कमी ऐकू येतं, पण हे आलं.

“मोडला का रे?”

“नाय गो. जागा सोडलीय.”

“मंग भर ना.”

“ती माझी नसते, आई. ढोलकीची असते.”

ती थोडा वेळ थांबली, ढोलकी येईल म्हणून. मग सूप पुन्हा हलायला लागलं.